वडिलांच्या नावाचा चित्रपट

व्हिटोरिओ डी सिका या इटालियन दिग्दर्शकाचे नाव निघाले, की पाठोपाठ 'बायसिकल थीव्ज'चे नाव येतेच. मात्र स्वतः डी सिकाला आपल्या सर्व चित्रपटांत अधिक प्रिय होता तो 'उंबेर्तो डी.'. एका सेवानिवृत्त सरकारी नोकराच्या एकाकी म्हातारपणाची ही कथा त्याने आपल्या वडिलांना अर्पण केली. या चित्रपटाने त्याला पैसा मिळवून दिला नाही. उलट होता तो गेला आणि राज्यकर्त्यांची मर्जीही गेली. तरीही आयुष्याच्या अखेरपर्यंत त्याने या चित्रपटाचा अभिमान सोडला नाही. त्याच्या आयुष्याचा आणि या चित्रपटाचा संबंध किती जवळचा होता, याचा हा मागोवा.

बँकेतील कारकुनाचा मुलगा

रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान असलेल्या सोरा नावाच्या लहानशा गावी ७ जुलै १९०१ रोजी व्हिटोरिओचा जन्म झाला. वडील उंबेर्तो डी सिका हे बँकेत नोकरीला होते. आई तेरेसा घर सांभाळी. नोकरीच्या निमित्ताने कुटुंबाला गावे बदलावी लागली. सोराहून नेपल्स, तेथून फ्लॉरेन्स आणि अखेरीस रोम असा हा प्रवास झाला. यातील नेपल्स व्हिटोरिओच्या मनात कायमचे घर करून राहिले. तेथील गल्ल्या, तेथील बोलीतला गोडवा आणि हलाखीतही गाणी गाणारी माणसे त्याच्या चित्रपटांत पुढे वारंवार येत राहिली.

घरची परिस्थिती बेताची होती. पण ही गरिबी झोपडीतली नव्हती, पांढरपेशांची होती. पगार अपुरा, तरी कोटाला इस्त्री हवी. घरात चणचण, तरी बाहेर पडताना टोपी नीट हवी आणि समोरच्याला अदबीने नमस्कार करायला हवा. आपल्या घरच्या गरिबीत एक प्रकारचा खानदानी रुबाब होता, असे डी सिका पुढे सांगत असे. मराठीत ज्याला झाकली मूठ म्हणतात, तीच ही जगण्याची रीत. मूठ झाकलेली आहे तोवर आब राहतो. ती उघडण्याची वेळ येते तेव्हा माणसाचे काय होते, हा प्रश्न या मुलाच्या मनात बालपणापासून कोठेतरी रुजला असला पाहिजे.

व्हिटोरिओला हिशेबनीस करावे असा घरचा बेत होता आणि त्याने त्या विषयाचे शिक्षणही घेतले. परंतु वडिलांना गाण्याची व रंगभूमीची आवड होती. मुलाच्या देखण्या चेहऱ्याचे आणि गोड गळ्याचे त्यांना कौतुक वाटे. त्यांच्याच प्रोत्साहनाने तो किशोरवयात १९१७ साली एका मूकपटात छोट्या भूमिकेत दिसला. पुढे १९२३ मध्ये तातियाना पावलोव्हा या रशियन अभिनेत्रीच्या नाटक कंपनीत तो दाखल झाला आणि हिशेबाच्या वह्या कायमच्या मिटल्या.

इटलीचा लाडका नायक

आज डी सिकाची ओळख दिग्दर्शक म्हणून आहे. पण १९३० च्या दशकातील इटालियन प्रेक्षक त्याला ओळखत होते ते रुपेरी पडद्यावरचा राजबिंडा नायक म्हणून. मारिओ कामेरिनी या दिग्दर्शकाच्या १९३२ मधील एका विनोदी प्रेमकथेत त्याने एका वाहनचालकाची भूमिका केली. त्यात त्याने गायलेले 'पार्लामी दामोरे मारिऊ' हे गीत देशभर तोंडोतोंडी झाले. सफाईदार संवाद, नीटनेटका पोशाख आणि समोरच्याला आपलेसे करणारे हसू यांच्या बळावर तो तरुणींचा लाडका झाला. पत्नी जुदित्ता रिसोने हीदेखील नामांकित अभिनेत्री होती. १९३३ मध्ये तिच्यासह आणि सेर्जिओ तोफानो या नटासह त्याने स्वतःची नाटक कंपनीही काढली. १९३७ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि पुढील वर्षी एमी या मुलीचा जन्म झाला.

मुसोलिनीच्या राजवटीतील त्या काळातला इटालियन चित्रपट चकचकीत दिवाणखान्यांत रमलेला होता. श्रीमंतांची घरे, पांढरे टेलिफोन, गैरसमजातून फुलणारी प्रेमप्रकरणे आणि शेवट गोड असा त्याचा थाट असे. डी सिका याच दुनियेत वाढला. १९४० मध्ये तो दिग्दर्शनाकडे वळला तेव्हा त्याचे पहिले काही चित्रपटही याच हलक्याफुलक्या धाटणीचे होते. पडद्यावर कंगालांची कैफियत मांडणारा माणूस या दुनियेतून बाहेर पडेल, असे कोणालाही वाटले नसते.

त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती चेझारे झावात्तिनी या लेखकाच्या सहवासामुळे. झावात्तिनी उत्तर इटलीतला. मूळचा पत्रकार आणि विनोदी लेखक. साध्या माणसाच्या साध्या दिवसात एक संपूर्ण चित्रपट दडलेला असतो, अशी त्याची धारणा होती. १९४३ मध्ये या दोघांनी मिळून केलेल्या 'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस' या चित्रपटात मोडत्या संसाराकडे एका लहान मुलाच्या नजरेतून पाहिले होते. लेखक आणि दिग्दर्शकाची ही जोडी पुढे तीन दशके टिकली. झावात्तिनीने कल्पना द्यायची आणि डी सिकाने तिच्यात माणसे जिवंत करायची, अशी जणू त्यांची वाटणी होती.

बॅसिलिकेतील चित्रीकरण

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये रोम जर्मन फौजांच्या ताब्यात गेले. उत्तरेतील फॅसिस्ट राजवटीसाठी चित्रपट करावेत म्हणून नामवंत कलावंतांवर दडपण येऊ लागले. डी सिकाने त्यातून एक वाट काढली. चर्चशी संबंधित संस्थेसाठी एका धार्मिक चित्रपटाचे काम त्याने हाती घेतले. आजारी भाविकांना घेऊन तीर्थक्षेत्री निघालेल्या आगगाडीची ती कथा होती. चित्रीकरणाचा मोठा भाग रोमच्या सेंट पॉल बॅसिलिकेत झाला. ही वास्तू व्हॅटिकनच्या अखत्यारीतील असल्याने तेथे जर्मन सैनिकांना सहजी शिरता येत नसे. जमावातील माणसांची भूमिका करण्याच्या निमित्ताने अनेक ज्यूंना आणि धरपकडीच्या भीतीने लपलेल्या इतरांना तेथे आसरा मिळाला. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा रोममध्ये येईपर्यंत हे काम लांबवण्यात आले.

युद्ध संपले तेव्हा इटलीत स्टुडिओ धड उरले नव्हते, पुरेशी फिल्म मिळत नव्हती आणि पांढऱ्या टेलिफोनांच्या कथा पाहण्याच्या मनःस्थितीत लोकही नव्हते. रोबेर्तो रोसेलिनीच्या 'रोम, ओपन सिटी'ने १९४५ मध्ये नवी वाट दाखवली. खरे रस्ते, खरी घरे आणि शक्य तेथे खरी माणसे, हे या नव्या चित्रपटाचे सूत्र होते. त्यालाच पुढे नववास्तववाद असे नाव मिळाले.

डी सिकाने १९४६ मध्ये 'शूशाइन' केला. रोममध्ये अमेरिकन सैनिकांचे बूट पॉलिश करून पोट भरणाऱ्या दोन मुलांची ती कथा. घोडा विकत घेण्याचे त्यांचे स्वप्न आणि बालसुधारगृहाच्या भिंतींत त्यांच्या मैत्रीची होणारी वाताहत इटलीतील प्रेक्षकांना पाहवली नाही. चित्रपट तेथे चालला नाही, पण अमेरिकेत त्याला विशेष ऑस्कर देऊन गौरवण्यात आले.

त्यानंतर आला १९४८ चा 'बायसिकल थीव्ज'. भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळालेल्या बेकाराची सायकल पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बाप-लेक ती शोधत रोमभर वणवण फिरतात. या चित्रपटासाठी भांडवल मिळवताना डी सिकाला अनेक दारे ठोठवावी लागली. डेव्हिड सेल्झनिक हा हॉलिवूडचा बडा निर्माता पैसे द्यायला तयार होता, पण नायकाच्या भूमिकेत केरी ग्रँट हवा ही त्याची अट होती. डी सिकाने ती नाकारली आणि लांबेर्तो माज्जोरानी या कारखान्यातील कामगाराला नायक केले. चित्रपटाला १९५० च्या समारंभात विशेष ऑस्कर मिळाले. माज्जोरानीची कथा मात्र चित्रपटाइतकीच करुण निघाली. चित्रीकरण आटोपून तो कारखान्यात परतला आणि काही काळाने तेथील नोकरीला मुकला. बेकाराची भूमिका करून जगप्रसिद्ध झालेल्या माणसाला पुन्हा काम मिळवताना नाकी नऊ आले.

भारतावरही या चित्रपटाचा खोल परिणाम झाला. १९५० मध्ये नोकरीनिमित्त लंडनला गेलेल्या सत्यजित राय यांनी तो पाहिला आणि 'पथेर पांचाली' कसा करायचा हे त्यांच्या मनात पक्के झाले. जानेवारी १९५२ मध्ये भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्यात 'बायसिकल थीव्ज'बरोबर डी सिकाचाच 'मिरॅकल इन मिलान' दाखवला गेला. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीला त्या महोत्सवाने खडबडून जागे केले. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' पुढच्याच वर्षी आला. १९५४ च्या 'बूट पॉलिश'ने तर अनेकांना थेट 'शूशाइन'ची आठवण करून दिली.

मुंबईत डी सिकाचे असे कौतुक होत होते, त्याच महिन्यात तिकडे इटलीत 'उंबेर्तो डी.' प्रदर्शित झाला.

म्हाताऱ्याची कथा

'शूशाइन'मध्ये मुले होती आणि 'बायसिकल थीव्ज'मध्ये तरुण कामगार होता. म्हातारपणाच्या गरिबीकडे मात्र तो अजून वळला नव्हता. युद्धकाळात आणि त्यानंतर इटलीच्या लिराचे मोल झपाट्याने घसरले होते. कमावत्या माणसाचा पगार उशिरा का होईना वाढत असे, पण ठरावीक निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची अवस्था बिकट झाली होती. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या माणसांना महिना पुरा करणे कठीण झाले होते. त्यांच्याकडे संघटनेचे बळ नव्हते आणि हात पसरण्याची सवयही नव्हती. झावात्तिनीने अशाच एका माणसाची कथा लिहिली. डी सिकाने नायकाला आपल्या वडिलांचे नाव ठेवले आणि निर्मितीत स्वतःचा पैसाही घातला.

नायक उंबेर्तो दोमेनिको फेर्रारी हा सार्वजनिक बांधकाम मंत्रालयातून निवृत्त झालेला सरकारी नोकर. बायको नाही, मूल नाही. फ्लाइक नावाचा एक कुत्रा तेवढा सोबतीला आहे. निवृत्तिवेतन वाढवून मागणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मोर्चाने चित्रपट सुरू होतो आणि परवानगी नसल्याच्या कारणावरून पोलीस त्यांना पांगवतात. वीस वर्षे ज्या खोलीत काढली तेथील भाडे थकले आहे. घरमालकिणीला १५ हजार लिरा एकरकमी हवे आहेत. तिला थोडे थोडे पैसे नकोत, हा म्हाताराच नको आहे. तो घरी नसताना ती त्याची खोली जोडप्यांना तासाच्या बोलीवर देते. उंबेर्तो घड्याळ विकतो, पुस्तके विकतो, दोन दिवस फुकट जेवण मिळावे म्हणून इस्पितळात मुक्काम लांबवतो. परत येतो तेव्हा दार उघडे राहिल्याने कुत्रा पळून गेलेला असतो. मग कोंडवाड्यात त्याचा शोध. बेवारशी कुत्र्यांना मारण्यासाठी नेताना तेथे पाहणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर स्वतःच्या भवितव्याची सावली पडते.

या घरात त्याच्याशी माणुसकीने वागणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे स्वयंपाकघरात राबणारी मारिया ही पोरसवदा मोलकरीण. तिला दिवस गेले आहेत. पलटणीतील दोन शिपायांपैकी मुलाचा बाप कोण हे तिलाही ठाऊक नाही आणि दोघेही जबाबदारी घ्यायला तयार नाहीत. घरमालकिणीला कळेल त्या दिवशी तिचीही हकालपट्टी ठरलेली आहे. म्हातारा तिला व्याकरण शिकण्याचा आग्रह करतो, कारण व्याकरण येत नाही त्याला जग फसवते असा त्याचा अनुभव आहे.

मारिया पहाटे उठून स्वयंपाकघरात येते, तो प्रसंग जगातील चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुनःपुन्हा पाहिला आहे. ती काडी ओढून चूल पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी सोडते, खुर्चीवर बसून कॉफी दळते आणि बसल्या बसल्या पायाने दार लोटते. दळता दळता तिच्या डोळ्यांतून पाणी येते. या काही मिनिटांत कथा एक पाऊलही पुढे सरकत नाही, पण त्या मुलीचे सारे आयुष्य समोर उभे राहते. आन्द्रे बाझाँ या फ्रेंच समीक्षकाने या प्रसंगाला चित्रपटकलेतील मोठी झेप मानले.

डी सिकाने याही वेळी प्रमुख भूमिकांसाठी व्यावसायिक नट टाळले. उंबेर्तोच्या भूमिकेसाठी त्याने निवडलेले कार्लो बात्तिस्ती हे फ्लॉरेन्स विद्यापीठातील भाषाशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. इटालियन भाषेच्या व्युत्पत्तिकोशाचे ते एक संपादक. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या या विद्वानाने त्याआधी कधी भूमिका केली नव्हती आणि नंतरही कुठल्या कथापटात केली नाही. पण ताठ मानेने चालणारा, टोपी उचलून अभिवादन करणारा आणि आतून खचत जाणारा उंबेर्तो त्यांनी असा उभा केला, की दुसऱ्या कोणाची कल्पनाच करवत नाही. मारियाच्या भूमिकेतील मारिया पिया कासिलिओ हीदेखील तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, अनुभव नसलेली मुलगी होती.

उलटा केलेला तळहात

चित्रपटाच्या मध्याला रोमच्या पँथिऑनच्या भव्य खांबांजवळ एक प्रसंग घडतो. सगळे उपाय संपल्यावर उंबेर्तो भीक मागण्याचा विचार करतो. तो हात पुढे करून पाहतो, संकोचाने मागे घेतो, पुन्हा पुढे करतो. एक माणूस खिशात हात घालून पैसे काढतो, तोच उंबेर्तो झटकन तळहात उलटा करतो, जणू पाऊस पडतो आहे की काय हे तो पाहत होता. नाणे देणारा गोंधळून निघून जातो. मग उंबेर्तो आपली टोपी फ्लाइकच्या तोंडात देतो, त्याला मागच्या पायांवर बसवतो आणि स्वतः खांबाआड लपतो. तेवढ्यात कचेरीतील जुन्या ओळखीचे एक बडे गृहस्थ येतात आणि कुत्र्याला ओळखतात. उंबेर्तो लगबगीने पुढे होऊन, कुत्रा खेळतो आहे असे भासवतो.

संपूर्ण चित्रपटाचे मर्म या उलट्या तळहातात आहे. उपाशी माणसाला भाकरी हवी असते हे सांगायला चित्रपटाची गरज नसते. पण भाकरी समोर आली असताना तिच्यासाठी हात पसरणे ज्याला जमत नाही, त्याचे दुःख सांगायला डी सिकाच हवा होता. बँकेतल्या कारकुनाच्या घरात वाढलेल्या मुलाला ते नेमके ठाऊक होते. उंबेर्तोला कुणाची दया नको आहे. आयुष्यभर काम केल्यावर ताठ मानेने जगता यावे एवढीच त्याची मागणी आहे. सुरुवातीच्या मोर्चात तो हक्क मागतो. तो नाकारला जातो, म्हणून तो भिकेच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

अखेरीस घर सुटते. फ्लाइकची सोय लावण्याचे सारे प्रयत्न फसतात, तेव्हा कुत्र्याला छातीशी धरून उंबेर्तो रेल्वेच्या फाटकापाशी उभा राहतो. गाडी जवळ येते. घाबरलेला फ्लाइक त्याच्या मिठीतून निसटतो आणि त्याच्यामागे धावताना म्हाताऱ्याचाही जीव वाचतो. पण कुत्र्याचा धन्यावरचा विश्वास उडालेला असतो. पाईनच्या झाडाचे एक फळ उचलून उंबेर्तो त्याला खेळायला बोलावतो, आर्जवे करतो. हळूहळू फ्लाइक जवळ येतो आणि दोघे खेळत खेळत झाडांच्या रांगेतून दूर जातात. आज रात्री कोठे झोपायचे, याचे उत्तर त्याला मिळालेले नसते आणि प्रेक्षकालाही मिळत नाही.

सत्तेचा रोष

हा चित्रपट इटलीत सपशेल कोसळला. युद्ध संपून सात वर्षे होत आली होती, देश पुन्हा उभा राहत होता आणि लोकांना आता हसायचे होते. पण केवळ प्रेक्षकांनीच पाठ फिरवली असे नाही. त्या वेळी पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या सरकारात चित्रपट आणि रंगभूमीचा कारभार जुलिओ आन्द्रेओत्ती या तरुण नेत्याकडे होता. वय अवघे ३३. इटलीच्या राजकारणावर पुढे अर्धशतक छाप टाकणारे आणि सात मंत्रिमंडळांचे पंतप्रधान झालेले ते हेच. त्यांच्याच पुढाकाराने १९४९ मध्ये आलेल्या कायद्याने देशी चित्रपटांना अर्थसाह्य मिळू लागले होते. मात्र त्याबरोबर सरकारचा अंकुशही आला होता.

फेब्रुवारी १९५२ मध्ये आन्द्रेओत्ती यांनी एका साप्ताहिकात डी सिकाला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. दिग्दर्शकाच्या प्रतिभेबद्दल त्यांना शंका नव्हती. पण विसाव्या शतकाच्या मध्यावरचा इटली असाच आहे, असा जगाचा समज झाला तर डी सिकाने देशाची कुसेवाच केली असे होईल, असा त्यांचा सूर होता. देशात सामाजिक सुधारणा होत आहेत, कायदे होत आहेत, त्यांचे प्रतिबिंब पडद्यावर का दिसत नाही, असा त्यांचा सवाल होता. कलावंताने समाजाला निरोगी आशावाद द्यावा अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने पाहिले तर या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. पराभूत देशाला जगात पुन्हा पत मिळवायची होती आणि परदेशी चित्रपटगृहांत मात्र त्याचे बेकार, चोर आणि भिकारीच दिसत होते. पण डी सिकाने दाखवलेला म्हातारा खोटा आहे, असे आन्द्रेओत्ती यांनाही म्हणता आले नव्हते. तक्रार होती ती तो जगाला दिसला याची. घरातील उणे चारचौघांत दाखवू नये, हीच ती झाकल्या मुठीची भूमिका. उंबेर्तो स्वतःची मूठ झाकू पाहत होता आणि त्याचे सरकार देशाची. फरक इतकाच, की उंबेर्तोच्या मुठीत त्याचा स्वाभिमान होता आणि सरकारच्या मुठीत उंबेर्तो.

या साऱ्याचा परिणाम व्हायचा तो झाला. सरकारची नाराजी आणि तिकीटबारीवरचे अपयश पाहून निर्माते सावध झाले. नववास्तववादाची लाट ओसरू लागली. डी सिका आणि झावात्तिनी यांनी १९५६ मध्ये 'द रूफ'मध्ये पुन्हा त्या वाटेने जाऊन पाहिले, पण तोवर काळ पुढे सरकला होता.

चेहऱ्यावर मिळवले, पटावर घालवले

डी सिकाला पैशांची निकड होती आणि ती केवळ चित्रपटांमुळे नव्हती. त्याला जुगाराचा नाद होता. कॅसिनोंच्या टेबलांवर त्याने मोठमोठ्या रकमा घालवल्या. त्याचा संसारही दुहेरी होता. १९४२ च्या एका चित्रपटाच्या वेळी मारिया मेर्कादेर या स्पॅनिश अभिनेत्रीशी त्याचे सूर जुळले होते. इटलीत १९७० पर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. मेक्सिकोत केलेला विवाह इटलीने मानला नाही. अखेर फ्रान्सचे नागरिकत्व घेऊन १९६८ मध्ये त्याने पॅरिसमध्ये मारियाशी विवाह केला. तोवर मान्वेल आणि क्रिस्तियान ही त्यांची मुले मोठीही झाली होती. मधल्या सर्व वर्षांत त्याने पहिले घरही सोडले नाही. सणासुदीला तो दोन्ही घरी जेवायला बसे. जगापुढे आब राखण्याचा त्याचा हा खटाटोप पाहिला, की उंबेर्तोचा तो उलटा तळहात आठवतो.

ही सगळी ओझी पेलण्यासाठी त्याने आपला जुना व्यवसाय जवळ केला. जिथे मिळेल तिथे भूमिका केल्या. शंभराहून अधिक चित्रपटांत तो दिसला. १९५३ च्या 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स'मध्ये खेड्यातील रंगेल पोलीस अधिकारी साकारून त्याने साऱ्या इटलीला हसवले. ज्या प्रेक्षकांनी 'उंबेर्तो डी.'कडे पाठ फिरवली, त्यांनी या चित्रपटाला गर्दी केली. कासिलिओ त्यातही होतीच. १९५७ च्या 'अ फेअरवेल टू आर्म्स'साठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. रोसेलिनीच्या १९५९ मधील 'जनरल देल्ला रोव्हेरे'त त्याने रंगवलेला जुगारी भामटा हा त्याच्या अभिनयाचा कळस मानला जातो. स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'द गोल्ड ऑफ नेपल्स'मध्ये तर त्याने आपल्या व्यसनाची टिंगलच केली. घरच्यांनी पैसे बंद केल्याने दरवानाच्या मुलाशी पत्ते खेळणारा आणि हरणारा उमराव त्याने त्यात मोठ्या मजेने साकारला.

दिग्दर्शक म्हणूनही तो पुन्हा उभा राहिला. १९६० च्या 'टू विमेन'ने सोफिया लॉरेनला सर्वोत्तम अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवून दिले. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील भूमिकेसाठी हा मान मिळवणारी ती पहिली. 'यस्टरडे, टुडे अँड टुमॉरो' आणि १९७० चा 'द गार्डन ऑफ द फिंझी-कॉन्टिनिज' यांना परदेशी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्या चित्रपटाला बर्लिनचे सुवर्ण अस्वलही लाभले. फॅसिस्ट राजवटीत बंदिस्त बागेआड सुरक्षित राहू पाहणाऱ्या ज्यू कुटुंबाची ही कथा. तिला संगीत होते डी सिकाचा मुलगा मान्वेल याचे. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी पॅरिसजवळील इस्पितळात वयाच्या ७३ व्या वर्षी डी सिकाचे निधन झाले. एत्तोरे स्कोला या दिग्दर्शकाने त्याच वर्षीचा आपला 'वी ऑल लव्हड् इच अदर सो मच' हा चित्रपट त्याच्या स्मृतीला अर्पण केला.

उशिरा मिळालेला न्याय

'उंबेर्तो डी.'ला घरी जो मान मिळाला नाही तो बाहेर मिळाला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा पुरस्कार विभागून दिला. पुढे झावात्तिनीच्या कथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले. २००५ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने निवडलेल्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांत त्याचा समावेश झाला. २००८ मध्ये फ्रान्समध्ये त्याच कथेवर नवा चित्रपट निघाला आणि म्हाताऱ्याची भूमिका केली ती एके काळी तरुणाईचा आदर्श असलेल्या जाँ पॉल बेलमोंदोने.

डी सिकाला एकूण चार ऑस्कर मिळाले. त्यांत 'उंबेर्तो डी.' नाही. त्याने उघडी केलेली मूठ मात्र पुन्हा कोणाला झाकता आली नाही. निवृत्तीनंतर महागाई वाढत जाते, औषधांचा खर्च वाढत जातो आणि हातात पडणारी रक्कम मात्र तेवढीच राहते, हे चित्र केवळ १९५२ च्या रोमपुरते उरलेले नाही. एखादा नीटनेटक्या कपड्यांतला म्हातारा औषधांच्या दुकानात चिठ्ठीतील सगळ्या गोळ्यांऐवजी चारच मागतो, बसभाडे वाचवण्यासाठी पायी निघतो आणि कोणी विचारलेच तर डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे म्हणतो. त्याने आपला तळहात उलटा केलेला असतो. तो ओळखायला आपल्याला शिकवले ते बँकेतल्या एका कारकुनाच्या मुलाने, वडिलांचे नाव दिलेल्या या चित्रपटातून.